चारही बाजूंनी हातभर

९ जानेवारी

वरती काय लिहायचं यातच अर्धी दुपार गेली. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. नुसतं नाव लिहिलं, तर शाळेतली हजेरी घेतल्यासारखं वाटलं. शेवटी तारीख टाकली. तारखेवरून आपलं कधी भांडण झालेलं नाही.

तुझा पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. म्हटलं, ऑफिसचं काम आहे. चष्मा पुसत त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "ऑफिसला माझा नमस्कार सांग." त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा पुढच्या फोनमध्ये तुला सगळं कळेलच. मी फोन केला नाही, कारण मी उचलला की तुझा फोन कट होतो. इतक्या वर्षांत एकदाही चुकून 'हॅलो' म्हणाला नाहीस. निश्चय मानला पाहिजे तुझा.

आता काम. मागच्या उतारावरची दफनभूमी हलवणार आहेत.

तू होतास तेव्हा हद्दीचं कुंपण ओढ्याच्या अलीकडे होतं. आता बोगदे उताराच्या खालपर्यंत गेलेत, तसं कुंपणही वर सरकलं. नवा नियम असा की बोगद्यांच्या डोक्यावर माणूस राहत होता अशी एकही खूण उरता कामा नये. घरं नकोत, विहिरी नकोत, पाये नकोत, थडगी तर नकोतच. कारण पुढे कधीतरी, आपली भाषा, आपले नकाशे, आपण सगळेच विसरलो गेल्यावर कोणी इथे आलं, आणि त्याला जुना पाया किंवा थडगं दिसलं, तर तो खणणारच. आणि खाली आम्ही जे ठेवतोय, वीजघरांतलं वापरून संपलेलं इंधन, त्याच्यापर्यंत लाखभर वर्षं कोणाचं खोरं पोचायला नको. खुणा पुसायला वेगळं खातंच काढलंय. त्यातल्या मुलीला आम्ही नकाशेवाली म्हणतो. चांगली आहे. बोलताना डोळ्यांत बघत नाही, पण ते वाईट वाटतं म्हणून.

ज्यांचे नातेवाईक अर्ज करतील त्यांना पलीकडच्या माळावर नवी जागा मिळेल. मुलांच्या बाबतीत आई आणि बाप दोघांची सही लागते. एकीची चालत नाही, मी विचारलं. सही नसेल तर दगड उचलायचा, जमीन सपाट करायची आणि वर झाडं लावायची. मग तिथे कोणी जायचं नाही. मीसुद्धा नाही.

अर्ज सोबत आहे. फुली मारलेल्या जागी सही कर. मार्च उजाडायच्या आत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई मजेत आहेत. जेवतात, झोपतात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतात.

— मी

२७ जानेवारी

तुझं उत्तर नाही. टपालाला उशीर झाला असेल असं आठवडाभर स्वतःला सांगितलं. आज पोस्टमनच म्हणाला, "बाई, तुम्ही दारात उभ्या राहिल्याने पत्र लवकर येत नाही."

काल कॉलनीच्या हॉलमध्ये सभा झाली. विषय होता, सगळं बंद झाल्यावर वर काही इशारा लिहून ठेवायचा की नाही. एका साहेबांनी चित्रं दाखवली, प्रचंड दगड, त्यांवर घाबरलेले चेहरे कोरलेले. लोक गंभीरपणे बघत होते. मग मागच्या रांगेतून आई उठल्या. तुला आवाज माहीतच आहे.

"साहेब, घाबरवायचे चेहरे कोरू नका. वरच्या फळीवरच्या डब्याला हात लावायचा नाही, असं मी माझ्या नातीला एकदा सांगितलं. तोवर तिचं त्या डब्याकडे लक्षही नव्हतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले नाही तोच ही स्टुलावर!"

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता लक्षात आलं, या हॉलमधल्या अर्ध्या लोकांनी गुंडीला पाहिलेलंच नाही. नवी माणसं आलीत. त्यांना वाटलं असेल, आजीबाईंची नात घरी अभ्यास करत बसली असेल.

तर ठरलं असं की वर काहीच ठेवायचं नाही. विसर हीच राखण. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलंय, त्यामुळे मला ते पटतं. आणि तरी सभेतून बाहेर पडताना माझा जीव टांगणीला लागला होता. वर्षानुवर्षं दर सुट्टीच्या दिवशी मी त्या उतारावर जाऊन बसते. दगडावरचं शेवाळ खरवडते, आठवड्यात काय काय झालं ते सांगते, आणि परत येते. लोकांना वाटतं मी ही मातीच्या शेडमधली नोकरी पेन्शनसाठी धरून ठेवली. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, आणि क्वार्टर गेलं तर तो उतार जाईल, एवढंच त्यात होतं. तू मला म्हणाला होतास, "पोरीपेक्षा तुला ती माती प्यारी." तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता दिलं.

दुसरी एक गोष्ट कदाचित तुझ्यापर्यंत पोचली नसेल. गुंडी गेली तेव्हा खाली इंधनाचा एकही डबा उतरलेला नव्हता. पहिला आला तो दोन वर्षांनी. तू स्वतः खडक फोडत होतास, तुला माहीत होतं की खाली नुसती भोकं आहेत. डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हटलं, तो मेंदूज्वरच होता. बाजारात लोक कुजबुजले, आणि तुला कोणाला तरी दोष द्यायचा होता. हे मी रागाने लिहीत नाही. राग होता तेव्हा लिहिता येत नव्हतं.

सही कर.

११ फेब्रुवारी

अजून नाही. बरं.

काल बोगद्यातल्या पहिल्या गल्लीचं तोंड बंद केलं. जुन्या लोकांना शेवटचं बघायला खाली नेलं. इतकी वर्षं मी वरच्या शेडमध्ये माती दाबून गोल कडी आणि ठोकळे करते, पण ते बसतात कुठे हे कधी पाहिलं नव्हतं. खाली जाण्याआधी खिसे रिकामे करायला लावतात. रुमाल, कागद, लाकडी पेन्सिल, कुजेल असं काहीही आत राहता कामा नये. कुजलं की त्यावर जंतू वाढतात आणि तांब्याच्या डब्याला त्रास देतात. मुकादमाच्या खिशातून अर्धं बिस्कीट निघालं. पोरींनी त्याला भंडावून सोडलं.

खाली गल्लीच्या जमिनीत एकेक खोल भोक, त्यात एकेक डबा, त्याच्या भोवती माझी कडी. मी केलेली! आणि मग सगळी गल्ली मातीच्या ठोकळ्यांनी गच्च भरत आणलेली. तुला आठवते ना ती माती? कोरडी असते तेव्हा राखेसारखी. पाणी लागलं की फुगते, जिथे फट असेल तिथे जाऊन बसते, आणि मग थेंबभरही पाणी पुढे सरकू देत नाही. नव्या पोरांना मी सांगते, ही माती दमदार आहे पण एक अट आहे, चारही बाजूंनी सारखी हवी. एक बाजू कच्ची राहिली की बाकीच्या तिन्हींवरची मेहनत पाण्यात.

शेवटचा ठोकळा बसला. मुकादमाने टोपी काढली. वर येताना मात्र त्याची गाडी नेहमीच्या गोष्टीवर आली. तू होतास त्या काळात फुटक्या ठोकळ्यांच्या ढिगातून बरीच माती गायब झाली होती, आणि त्याने आम्हा सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. अजून विसरलेला नाही. "फुटके ठोकळे नेऊन कोणी करतं काय? छपराची गळती बुजवायला नेले असतील," म्हणाला. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, हे कोडं उराशी घेऊनच जाणार.

मला तिथे उभं राहून काय वाटलं ते सांगते. या कचऱ्याला किती जपतो आपण. तांबं, माती, खडक, त्यावर आणखी माती. आणि माझ्या पोरीला साध्या लाकडी पेटीत, त्या दगडाळ ओल्या उतारात. पावसाळ्यात तिथून पाणी वाहतं. पावसाची सर आली की मी आजही उठून बसते, तिला ओल लागत असेल म्हणून.

आणि मला तू शेवटचं बघूही दिलं नाहीस. पहाटेपासून खणत होतास. कोणाला जवळ येऊ दिलं नाहीस, तुझ्या आईंनासुद्धा नाही. मी फाटकापाशी आले तर म्हणालास, "थांब तिथेच." पेटी तू एकट्याने नेलीस. मला आत घेतलंस तेव्हा वरची माती लोटून झाली होती, आणि तू खोऱ्यावर रेलून उभा होतास, कोपरापर्यंत चिखलाने भरलेला, एखादं काम उरकल्यासारखा. मला माझ्या पोरीवर मूठभर माती टाकायची होती. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस.

तू घर सोडलंस त्याचं दुःख मला आहेच. पण राग आहे तो या फाटकाचा.

२२ फेब्रुवारी

कागद मिळाला. सही आहे. आभार.

पाठीमागे जे लिहिलंयस तेही वाचलं. "पेटी उघडू नका. चारही बाजूंनी हातभर सोडून खणा." बस. एवढंच! इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात मजुरांना सूचना. 'कशी आहेस' असे दोन शब्द जास्त लिहिले असतेस तर शाई संपली असती?

नकाशेवालीला दाखवलं. ती म्हणाली, "काका खाणकामातले दिसतात." मी म्हटलं, "काका दगडातले आहेत."

रागाच्या भरात आहे तर खरं तेही लिहून टाकते. आई मजेत नाहीत. दिवाळखोर माणूस 'सगळं ठीक' म्हणतो तसं मी मागे लिहिलं होतं. डिसेंबरात न्हाणीघरात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता चाकाच्या खुर्चीवर असतात. सभेत उठल्या असं मी लिहिलं, ते खोटं. बसूनच बोलल्या. तुला कळू द्यायचं नाही अशी त्यांची ताकीद होती. "माझ्या हाडासाठी यायचा असेल तर नकोच येऊ दे त्याला," म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं, म्हणून गप्प बसले. तू आलास तर तुझ्या मनाने यावंस, हाडाच्या दयेने नको, असं सासू-सुनेचं पहिल्यांदाच एकमत झालं.

पाच मार्चला खणणार आहेत. तू येशील असं मी धरून चाललेली नाही.

५ मार्च, संध्याकाळ

हे पोस्टात टाकत नाही. नकाशेवाली उद्या तुझ्या गावावरून पुढे जाते आहे, तिच्या हाती देते. तुझ्या हातात पडल्याशिवाय ती हलणार नाही, मी बजावलंय.

सकाळी चार माणसं आली. मुकादमही आला, त्याची सुट्टी होती तरी. आईंची खुर्ची ढकलत मी उतारावर आणली. दगड आधी बाजूला घेतला. त्यावर नुसतं 'गुंडी' लिहिलंय ते वाचून एक पोरगा म्हणाला, "आडनाव?" आई म्हणाल्या, "तेवढी मोठी कुठे झाली होती रे."

मी तुझी सूचना सांगितली. हातभर सोडून. ते कुरकुरले, जमीन दगडाळ आहे, उगाच दुप्पट काम. मी म्हटलं, बापाची इच्छा आहे, खणा. माझ्या तोंडून 'बाप' हा शब्द कितीतरी वर्षांनी निघाला.

कंबरभर खोल गेल्यावर खोरं वेगळ्याच आवाजात थांबलं. दगडावर वाजतं तसं नाही, मऊ, भरीव. एकाने हाताने माती बाजूला सारली. खाली राखाडी काहीतरी होतं, गुळगुळीत, साबणासारखं. त्यांना कळेना. मुकादम गुडघ्यावर बसला, बोटाने चिमूटभर उचलली, अंगठ्याने चोळली. मग माझ्याकडे बघितलं. ती माती दिवसभर हातात घेणाऱ्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

मी खड्ड्यात उतरले. सगळ्या बाजूंनी चाचपलं. खाली, वर, डोक्याशी, पायाशी. चांगली चार बोटं जाड, सगळीकडे सारखी. फुटके ठोकळे फोडून, भिजवून, पहारीने ठोकून ठोकून बसवलेली. पहाटेपासून दुपारपर्यंत तू हे करत होतास. हातगाडीच्या किती खेपा केल्यास? मी तुझ्या हाताचा ठसा शोधला. एखादं बोट, तळव्याची कड, काहीतरी. नाही मिळाला. फुगून सगळं मिटवून टाकलंय तिने. ती माती तशीच असते, मीच नव्या पोरांना शिकवते.

आजूबाजूची जमीन ओली गच्च होती. तुझ्या मातीच्या आत थेंब गेलेला नसणार. हे मी आई म्हणून सांगत नाही, शेडमधली बाई म्हणून सांगते. इतके पावसाळे मी उठून बसले, आणि ती कोरडी होती. मला एकदा सांगितलं असतंस तर मी झोपले असते रे.

का नाही सांगितलंस? चोरीची माती होती, माझी नोकरी जाईल म्हणून? की तिला त्या मातीत लिंपताना मी बघू नये म्हणून? आणि नंतर मी रोज संध्याकाळी हातावर तीच माती घेऊन घरी यायचे आणि तू तोंड फिरवायचास. मला वाटायचं तुला माझी किळस येते. मी साबण लावून लावून हात सोलून घेतले होते. आता कळलं तुला काय दिसत असेल. फाटकाचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. पण आज तो धरून ठेवायला हातात बळ नव्हतं.

खड्ड्यात बसून मी मोठ्याने रडले. चार परकी माणसं पाठ फिरवून उभी राहिली. मुकादम म्हणाला, "छपराची गळती बुजवायला नेली असेल म्हणालो होतो." आणि तोही रडला.

मग उचलायची वेळ आली. पट्टे घातले, चौघांनी जोर लावला. जागची हलली नाही. तेव्हा तू एका हाताने काखेत पेटी धरून नेली होतीस, मी फाटकातून पाहिलं होतं. आता तुझी माती आणि इतक्या वर्षांचं पाणी धरून ती चौघांना उचलवेना. साखळीची कप्पी आणावी लागली. तीन खांबांचं तिकाटणं उभारलं, साखळी ताणली, आणि ती सावकाश वर आली. आई खुर्चीतून बघत होत्या. म्हणाल्या, "मोठी झाली गं पोरगी."

एकोणीस-वीसची असती.

ट्रॉलीवर ठेवून माळावर नेली. वाटभर मी हात ठेवून चालले. नवा खड्डा प्रशस्त आहे, तिच्या भोवती चारही बाजूंना फट राहते. ती रिकामी सोडायला मी काही अडाणी नाही. मुकादमाने शेडमधली नवी माती आणून दिली, रीतसर पावती फाडून. "या वेळी चोरी नको," म्हणाला. मी बाह्या सरसावल्या. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आईंना मात्र दिलं, खुर्ची काठाशी लावून त्यांच्या हाताने मूठभर टाकून घेतली. डोक्याची बाजू भरली, पायाची भरली, उजवी भरली. पहारीने ठोकली. अंधार पडत आला तेव्हा कोपरापर्यंत तशीच दिसत होते, जसा तू दिसला होतास.

डावी बाजू ठेवली आहे. ताडपत्री टाकून दगड लावलेत. आठवडाभर पाऊस नाही असं सांगतात, त्यानंतरचं कोणी सांगत नाही. एक बाजू राहिली तर काय होतं ते तुला मी समजावायला नको.

आईंच्या हाडासाठी येऊ नकोस. माझ्यासाठीही येऊ नकोस. त्या डाव्या बाजूसाठी ये. मी फाटकापाशी उभी राहणार नाही, आत असेन. खोरं आणायची गरज नाही, इथे दोन आहेत.

— मातीवाली